मेंदूविज्ञान आणि वैद्यक: नागपूरहून अर्ज करताना महाविद्यालयांची यादी कशी करावी

मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एकदोन कुटुंबे आपली यादी दाखवायला घरी येतात. गेल्या वर्षी प्रतापनगरहून आलेल्या एका विद्यार्थिनीने दोनशेपानी वही टेबलावर उघडली, तेव्हा पहिल्या पानावर तेवीस अमेरिकी विद्यापीठांची नावे, एका प्रसिद्ध क्रमवारीच्या क्रमानेच, आखीव अक्षरांत लिहिलेली होती आणि वर लाल शाईने ‘न्यूरोसायन्स, प्री-मेड’ असा मथळा होता. ‘यातले एखादे नाव क्रमांकाखेरीज दुसऱ्या कशासाठी घेतले आहे का?’ असे मी विचारले. ती आणि तिचे वडील, दोघेही वहीकडेच पाहत राहिले. पुढच्या दोन महिन्यांत त्या वहीत बरीच खाडाखोड झाली. ती खाडाखोड कोणत्या कारणांनी झाली, हेच येथे क्रमाने सांगत आहे, कारण तिच्या अडचणी या शहरातील बहुतेक इच्छुकांच्या अडचणी आहेत.

‘प्री-मेड’ म्हणजे नेमके काय

‘प्री-मेड’ नावाची कोणतीही पदवी अमेरिकेत मिळत नाही. तेथे वैद्यकीय शिक्षण चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते आणि त्या प्रवेशासाठी काही विषय पदवीच्या काळात पूर्ण केलेले असावे लागतात: प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, बहुतेक ठिकाणी जीवरसायनशास्त्र, त्याशिवाय इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र आणि थोडे मानसशास्त्र वा समाजशास्त्र. हे विषय घेऊन, एमकॅट ही परीक्षा देऊन वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाण्याच्या वाटेला प्री-मेड म्हणतात. पदवीचा मुख्य विषय इतिहास असला तरी चालतो. न्यूरोसायन्स घेतल्याने वैद्यकीय प्रवेशात वेगळे झुकते माप मिळत नाही. हा विषय आवडतो म्हणून घ्यावा, पायरी म्हणून घेऊ नये.

भारतात ही मधली पायरीच नाही. बारावीनंतर नीट, मग साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची इंटर्नशिप, त्यानंतर तीन वर्षांचे एमडी वा एमएस आणि त्यापुढे तीन वर्षांचे डीएम न्यूरॉलॉजी किंवा एमसीएच न्यूरोसर्जरी अशी सरळ शिडी आहे. बेरीज केली तर साडेअकरा वर्षे होतात, आणि मधल्या प्रवेशपरीक्षांसाठी गेलेली वर्षे त्यात धरलेली नाहीत. मनोविकारशास्त्राची एमडी घेणाऱ्याला त्यातली शेवटची तीन वर्षे लागत नाहीत, आणि तोही मेंदूचाच डॉक्टर असतो, ही गोष्ट पालक सहसा विचारात घेत नाहीत.

डॉक्टर व्हायचे आहे की अभ्यासक

यादी करण्याआधी या प्रश्नाचे उत्तर लेखी लिहावे, निदान पानभर. ‘मेंदूची आवड आहे’ एवढे वाक्य पुरत नाही. विदर्भातलेच एक उदाहरण घेऊ. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे अनेक कुटुंबांत आहे, आणि या आजाराच्या लहान मुलांना पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असे सात-आठ वर्षांचे मूल समोर आले, तर ‘याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील प्रवाहाचा वेग डॉप्लरने केव्हा तपासायचा, रक्त किती दिवसांनी चढवायचे, आई-वडिलांना कसे समजवायचे’ हे प्रश्न ज्याच्या मनात उभे राहतात, त्याची ओढ वैद्यकाकडे आहे. ‘त्या रक्तवाहिन्या अरुंदच का होतात, आणि याच मुलाच्या होतात, भावाच्या का होत नाहीत’ या प्रश्नाने ज्याची झोप उडते, त्याची ओढ संशोधनाकडे आहे. दोन्ही ओढी असणारे असतात. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतली आणि नंतर केंब्रिजला पीएचडी केली. उलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य झेवियर्समधून बीएस्सी करून येल विद्यापीठात पीएचडीला गेल्या. भावनांच्या मज्जासंस्थेवर काम करताना त्यांना एमबीबीएसची गरज पडली नाही.

त्या विद्यार्थिनीने पानभर लिहून आणले, त्यात ‘रुग्ण’ हा शब्द सहा वेळा आणि ‘प्रयोग’ हा शब्द एकदा आला होता. तिच्या वडिलांनीच तो मोजला. त्यानंतरची अर्धी चर्चा आपोआप मिटली.

येथेच अकरावीच्या मुलांसाठी एक सूचना. जीवशास्त्र घेतले म्हणून गणित सोडण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ती या विषयासाठी घातक आहे. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ साली स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरून विद्युतस्पंद कसा वाहतो हे मांडले, ते विकलक (डिफरन्शियल) समीकरणांच्या भाषेत, आणि १९६३ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. आजही मेंदूविज्ञानाचा निम्मा भाग गणिताशिवाय वाचता येत नाही. चारही विषय ठेवल्याने नीटच्या अभ्यासाला ओझे होते हे खरे. तरी दारे उघडी ठेवण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नागपूर आणि आसपासचे एमबीबीएस

ज्याच्या पानावर ‘रुग्ण’ हा शब्द जास्त वेळा आला, त्याने यादीची सुरुवात घराजवळून करावी. येथे ‘मेडिकल’ म्हणजे १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. मिहानमधील एम्स २०१८ पासून विद्यार्थी घेत आहे. हिंगणा मार्गावर डिगडोह येथे एन. के. पी. साळवे संस्था आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थान आणि सावंगीचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी सावंगीचे महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचे असल्याने त्याची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्क दोन्ही वेगळे असते. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथील शासकीय महाविद्यालयेही यादीत धरावीत.

प्रक्रिया दोन ठिकाणी चालते आणि दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा, सर्व एम्स आणि अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेश केंद्रीय समिती, म्हणजे एमसीसी करते, तर राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागा आणि राज्यातील खासगी महाविद्यालये राज्य सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांतून भरली जातात. पूर्वी विदर्भातील जागांपैकी ७० टक्के विदर्भातील मुलांसाठी राखून ठेवल्या जात. २०२० साली तो ७०:३० चा नियम रद्द झाला. त्यामुळे नागपूरच्या मुलाला आता मुंबई-पुण्याच्या जागाही तितक्याच खुल्या आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या मुलाला मेडिकलच्या. जुन्या कटऑफची यादी दाखवून सल्ला देणारे काही काका-मामा अजूनही २०२० पूर्वीचेच आकडे दाखवतात, त्यांना नम्रपणे थांबवावे.

राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असणे, काही अपवाद वगळता, आवश्यक असते. कोटाला शिकवणीसाठी गेलेल्या मुलाचे नाव तिकडच्याच एखाद्या शाळेत घातले आणि बारावीचा दाखला राजस्थानचा झाला, तर गुण चांगले असूनही राज्याच्या यादीतून बाहेर पडण्याची वेळ येते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत हे घडले. शिकवणीच्या माणसाने ‘कागदांचे आम्ही पाहतो’ असे सांगितले होते, आणि त्याने खरोखरच कागद पाहिले, फक्त ते कोणत्या राज्याचे आहेत एवढेच पाहिले नाही.

मेंदूशास्त्राकडे जायचे ठरवलेल्याने प्राधान्यक्रम भरताना, म्हणजे ज्याला सगळे चॉईस फिलिंग म्हणतात ते करताना, साध्या कटऑफपलीकडे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्या रुग्णालयात न्यूरॉलॉजी आणि न्यूरोसर्जरीचे स्वतंत्र विभाग आहेत की औषधवैद्यकशास्त्राचे डॉक्टरच आठवड्यातून एकदा तो बाह्यरुग्ण विभाग चालवतात. मेडिकलला जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय या दृष्टीने उपयोगी आहे, कारण तेथे मध्य भारतातून, शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातूनही, गुंतागुंतीचे रुग्ण येतात. दुसरी, विद्यार्थ्यांना संशोधन करू देणारे वातावरण आहे का. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची अल्पमुदतीची संशोधनवृत्ती १९७९ पासून चालू आहे. ‘मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडच्या किती जणांना ती मिळाली?’ असा प्रश्न त्या महाविद्यालयातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावा. उत्तर चटकन आले तर वातावरण आहे असे समजावे, आणि ‘ते काय असते?’ असा उलट प्रश्न आला तर तेही उत्तरच आहे. तिसरी गोष्ट म्हणजे वसतिगृह, रुग्णसंख्या आणि रॅगिंगविरोधी व्यवस्था. ती कोणत्याही एमबीबीएस इच्छुकाला लागू असल्याने येथे विस्तार करत नाही.

सेवाग्रामबद्दल स्वतंत्र दोन वाक्ये लिहावीशी वाटतात. तेथे प्रवेश घेणाऱ्याला सुरुवातीला आश्रमात राहावे लागते, खादी वापरावी लागते आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. ज्याला फिट, पक्षाघात आणि मनोविकार हे आजार खेड्यात कसे लपवले जातात हे पाहायचे आहे, त्याला हे वातावरण आवडेल. ज्याला खादी ही अडचण वाटते, त्याने प्राधान्यक्रमात ते नाव केवळ गुण बसतात म्हणून वर टाकू नये.

आणखी एक गैरसमज दूर करावा लागतो. बंगळुरूचे निम्हान्स हे देशातील मेंदू आणि मन यांच्या आजारांचे नावाजलेले संस्थान असले तरी तेथे एमबीबीएस नाही. ते पदव्युत्तर टप्प्यावरचे स्थान आहे. बारावीच्या यादीत निम्हान्सचे नाव लिहिणारे दोन विद्यार्थी मला भेटले आहेत. त्यांनी ते नाव खोडू नये, दहा वर्षांनंतरच्या पानावर लिहून ठेवावे. मात्र तेथील मेंदूंचे संग्रहालय सामान्य माणसालाही पाहता येते. शाळेच्या वयात ते पाहून आलेल्या मुलाचे पानभर उत्तर वेगळे असते.

‘प्रयोग’ जास्त वेळा आला असेल तर

मेंदूविज्ञान या नावाची बीएस्सी आपल्याकडे फारशी मिळत नाही, म्हणून नाव शोधत बसण्यापेक्षा जेथे त्या विषयाच्या प्रयोगशाळा आहेत तेथे जीवशास्त्र घ्यावे. आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, यांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम त्यासाठी उत्तम आहे, आणि आपल्याला भोपाळची आयसर जवळची आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या प्रत्येकाचे १५, असे ६० प्रश्न असतात. गणित सोडलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो, परंतु तो पाव प्रश्नपत्रिका आधीच हरून बसतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पदवी अभ्यासक्रमाला गणित लागतेच. पुढच्या टप्प्यासाठी हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मुंबई-बंगळुरूतील प्रयोगशाळा आहेत.

नागपुरातच राहायचे असेल तर हिस्लॉप किंवा शासकीय विज्ञान संस्थेतून बीएस्सी करूनही हा रस्ता धरता येतो. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधनवृत्तीतून बाहेरच्या प्रयोगशाळेत दोन महिने काढता येतात. बजाजनगरातील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या मज्जाविकारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयाने क्षयाच्या मेंदूज्वरावर संशोधन केलेले आहे. आपल्या शहरात असे काम होते हे मुलांना माहीत नसते, आणि माहीत झाले की त्यांची पाठ जरा ताठ होते.

अमेरिकेची यादी: आधी शेवटचे दार पाहावे

आता त्या तेवीस नावांकडे. परदेशी विद्यार्थ्यासाठी प्री-मेडच्या वाटेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात नसते: अमेरिकेतील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्जच स्वीकारत नाहीत. जी स्वीकारतात, त्यांतली अनेक अर्जदाराकडे अमेरिकेतच घेतलेली पदवी मागतात, आणि काही तर चारही वर्षांची फी आधीच एका खात्यात ठेवायला सांगतात. सरकारी विद्यार्थी कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. अमेरिकी नागरिकांसह सर्व अर्जदार धरले तरी दर शंभरांपैकी चाळीस-पंचेचाळीस जणांनाच कोठे ना कोठे प्रवेश मिळतो. म्हणजे चार वर्षे अमेरिकेत पदवी घेतल्यावर शेवटचे दार आपल्यासाठी जवळजवळ बंद असते.

शिवाय परतीच्या वाटेवरही अडसर आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय पदवी भारतात मान्य होण्यासाठी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम हवे. नीट उत्तीर्ण असणेही लागते. अमेरिकेतील एमडी, म्हणजे तेथील मूळ वैद्यकीय पदवी, चार वर्षांची, म्हणजे ५४ महिन्यांहून कमी असते. परतण्याचा विचार असलेल्याने हा नियम स्वतः वाचून मगच पुढे जावे.

ज्याला अमेरिकेत न्यूरॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे आहे, त्याच्यासाठी मळलेली वाट दुसरीच आहे: भारतात एमबीबीएस, मग यूएसएमएलई ही अमेरिकेची वैद्यकीय परवाना परीक्षा, मग तेथील रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील विशेषज्ञ-प्रशिक्षण, जी न्यूरॉलॉजीत चार आणि न्यूरोसर्जरीत सात वर्षांची असते. नागपूरच्या मेडिकलमधून अशा रीतीने गेलेले डॉक्टर आपल्या ओळखीपाळखीत एखादा तरी निघतोच. त्यामुळे माझे मत असे, की नागपूरच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतील महाविद्यालय प्री-मेडसाठी निवडूच नये. ते केवळ मेंदूविज्ञानासाठी निवडावे आणि वैद्यकीय प्रवेश मिळाला तर वरकड लाभ समजावा. वैद्यकीय दार उघडले नाही तर चार वर्षांनी हातात काय उरेल, या एका कसोटीवर प्रत्येक नाव घासून पाहावे. पगारी पीएचडीची तयारी उरणार असेल, तर नाव ठेवावे. अमेरिकेतील मेंदूविज्ञानाच्या पीएचडीला सहसा फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळते आणि तेथे परदेशी विद्यार्थी घेतले जातात. सध्याच्या नियमांत न्यूरोसायन्स हा स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित या गटातला, विषय धरला जात असल्याने पदवीनंतर १२ आणि पुढे २४ महिने तेथे काम करण्याची मुभाही मागता येते.

ही कसोटी लावल्यावर पाहण्याच्या गोष्टी बदलतात. न्यूरोसायन्स हा स्वतंत्र विभाग आहे की जीवशास्त्र आणि मानसशास्त्र या विभागांनी मिळून चालवलेला कार्यक्रम आहे, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत पाहावे. पिट्सबर्ग विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे. ॲमहर्स्ट या छोट्या महाविद्यालयातील कार्यक्रम १९७० च्या दशकापासूनचा, म्हणजे तेथील सर्वांत जुन्यांपैकी आहे. एमरीमध्ये याच विषयाला मज्जाविज्ञान आणि वर्तनजीवशास्त्र असे जोडनाव आहे, आणि त्या नावावरूनच भर कशावर आहे ते कळते. त्यानंतर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी स्वतःचा प्रबंध करतो का, की प्राध्यापकाच्या उंदरांचे पिंजरेच साफ करतो, हे तेथील विद्यार्थ्यांना ईमेल करून विचारावे. ते उत्तर देतात. रुग्णालय किती जवळ आहे तेही पाहावे. क्लीव्हलँडचे केस वेस्टर्न आणि रॉचेस्टर विद्यापीठ यांची मोठी रुग्णालये परिसराला लागूनच आहेत. डोंगरातल्या सुंदर छोट्या महाविद्यालयांना ही सोय नसते, मात्र तेथे प्राध्यापक नावाने ओळखतात आणि शिफारसपत्र मनापासून लिहितात.

‘आमचे नव्वद टक्के प्री-मेड विद्यार्थी डॉक्टर होतात’ असे वाक्य दिसले तर सावध व्हावे. काही महाविद्यालयांत एक समिती आधी विद्यार्थ्याची छाननी करते आणि कच्च्या विद्यार्थ्याला शिफारसच देत नाही, त्यामुळे तो अर्जच करत नाही. छेद लहान केला की टक्केवारी वाढते, हे आठवीतल्या मुलालाही समजते.

पैशाचे पान

नामांकित खासगी विद्यापीठांत राहण्याखाण्यासह वर्षाला ८० ते ९० हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त खर्च येतो. म्हणून पैशाचे पान यादीच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला यावे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन ही परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणाऱ्या आणि मग गरजेइतके साहाय्य देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी आहेत. तेथे प्रवेश मिळणे अतिशय कठीण असते, म्हणून अशी दोन नावेच ठेवावीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगो येथील न्यूरोसायन्सचे नाव मोठे आहे, परंतु ते परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित साहाय्य देत नाहीत. अन्य राज्य विद्यापीठांतही हेच चित्र कमीअधिक असते.

बाकीच्या नावांसाठी एक साधन वापरावे, ज्याबद्दल सल्लागार क्वचितच बोलतात. बहुतेक अमेरिकी विद्यापीठे दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे एकाच साच्यातले माहितीपत्र प्रसिद्ध करतात. विद्यापीठाच्या नावासह हे तीन शब्द शोधले की ते मिळते. त्यात एच-६ या क्रमांकाखाली परदेशी विद्यार्थ्यांना दिलेल्या साहाय्याची माहिती असते: किती जणांना मिळाले आणि सरासरी किती. समजा, एका ठिकाणी ४०० परदेशी विद्यार्थी आहेत आणि त्यांतील २० जणांना साहाय्य मिळाले. तर सरासरी रक्कम कितीही मोठी दिसली तरी आपण वीसपैकी एका जागेसाठी रांगेत आहोत, हे समजून घ्यावे. दुसऱ्या ठिकाणी २०० पैकी १२० जणांना मिळाले असेल, तर ते नाव क्रमवारीत चाळीस पायऱ्या खाली असले तरी वहीत वर चढवावे. सी-७ या तक्त्यात प्रवेश देताना कशाला किती महत्त्व दिले जाते हेही लिहिलेले असते.

त्या विद्यार्थिनीने आणि तिच्या वडिलांनी एका रविवारी दुपारी हे तेवीस तक्ते उघडले. वडील आकडे वाचत होते, ती पेन्सिलीने उतरवत होती, आणि आई चहा ठेवताना मध्येच ‘हे शून्य का आहे?’ असे विचारत होती. अकरा नावांसमोर शून्य किंवा रिकामी जागा निघाली. एका सल्लागार कार्यालयाने याच यादीसाठी त्यांच्याकडून मोठी रक्कम घेतली होती.

इंग्लंडचा विचार असेल तर तेथे वैद्यक बारावीनंतर थेट असते. यूकॅस या तेथील सामाईक अर्जप्रणालीवर चारच वैद्यकीय महाविद्यालये निवडता येतात, अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर असते आणि यूकॅट ही परीक्षा त्याआधी द्यावी लागते. कॅनडात वैद्यकीय प्रवेश परदेशी विद्यार्थ्याला जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे तेथेही मेंदूविज्ञानापुरताच विचार करावा.

किती नावे, आणि कागद

माझ्या मते नीटच्या प्राधान्यक्रमाखेरीज एक आयसर आणि परदेशातील पाच ते सात नावे पुरेशी होतात. अमेरिकेच्या सामाईक अर्जात वीस महाविद्यालये घालता येतात, म्हणून वीस घालावीत असे नाही; प्रत्येकाचे वेगळे निबंध असतात आणि ते डिसेंबरात, नेमके बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या आणि सराव परीक्षांच्या तोंडावर, लिहावे लागतात. हा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो, लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला असते. निबंध गणेशोत्सवापर्यंत लिहून ठेवले तरच नीटच्या अभ्यासाला दिवाळीनंतरचा काळ मोकळा मिळतो.

आपल्या मुलांची खरी अडचण मात्र निबंधाहून वेगळी असते. अमेरिकी महाविद्यालये नववी ते बारावीचे गुण आणि शिक्षकांची शिफारसपत्रे मागतात. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात, आणि तेथेही शिकवणीशी जोडलेल्या इंटिग्रेटेड वर्गामुळे विद्यार्थी केवळ प्रात्यक्षिकांपुरता दिसतो. असा विद्यार्थी नोव्हेंबरात शिफारसपत्र मागायला येतो, तेव्हा त्याचा चेहराही मला आठवत नाही. खोटे लिहिता येत नाही आणि खरे लिहिले तर दोन ओळींत संपते. ज्याला परदेशात अर्ज करायचा आहे, त्याने अकरावीपासून निदान दोन विषयांच्या तासांना नियमित बसावे, प्रश्न विचारावेत, आणि प्राचार्यांना आपली ओळख जूनमध्येच करून द्यावी. जुन्या शाळेतून नववी-दहावीच्या गुणांचे पत्र, शाळेच्या लेटरहेडवर आणि शिक्क्यासह, उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच घ्यावे, कारण सुट्टीत लिपिक भेटत नाहीत.

राज्याच्या प्रक्रियेसाठी अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हे तहसील आणि पडताळणी समितीकडून मिळवायला वेळ लागतो. सेतू केंद्रात अर्ज बारावी सुरू होतानाच द्यावा. निकाल लागल्यावर धावाधाव केलेल्यांपैकी काहींच्या जागा प्रमाणपत्राअभावी हुकलेल्या आहेत.

शेवटचा पेच तारखांचा आहे. अमेरिकी महाविद्यालयाला होकार कळवून अनामत भरण्याची मुदत सहसा १ मे असते आणि नीट सहसा मेच्या पहिल्या रविवारी होते, म्हणजे नीटचा निकाल कळण्याआधी अमेरिकेला उत्तर द्यावे लागते. अनामत परत मिळत नाही, हे धरूनच ती भरावी. त्यानंतर कॅप फेरीत जागा मिळाली, तर महाविद्यालय मूळ गुणपत्रिका आणि दाखला जमा करून घेते. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जाताना तेच कागद लागू शकतात. म्हणून प्रत्येक मूळ कागदाच्या किमान दहा साक्षांकित प्रती, आणि नववी ते बारावीच्या गुणपत्रांचे सीलबंद पाकिटातले आणखी दोन संच, जूनच्या आधी करून ठेवावेत. त्या वहीच्या शेवटच्या पानावर आता कागदांचीच यादी आहे, आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या कपाटात ठेवला आहे ते तिच्या आईच्या अक्षरात लिहिलेले आहे.